विश्लेषण : फोन कधी येणार, हे कस्टमर केअरलाच का ठाऊक नसते?

आगाऊ नोंदणी झाली, पैसे खात्यातून गेले, जाहीर केलेली तारीखही उलटली. फोन मात्र आला नाही. ग्राहक कस्टमर केअरला फोन लावतो. पहिला प्रतिनिधी ‘दोन-तीन दिवसांत’ म्हणतो, दुसरा ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो आणि तिसऱ्याला संगणकावर ऑर्डरच दिसत नाही. नव्या स्मार्टफोनच्या विक्रीला उशीर झाला की हा खेळ ठरलेला. राग निघतो तो समोर बोलणाऱ्यावर. पण त्याने काय सांगायचे हे कंपनी ठरवते आणि कंपनीने काय सांगायलाच हवे, याबाबत आपल्याकडचा नियम अर्धवट आहे.

तारीख पुढे का जाते?

कारणे बहुतेकदा खरी असतात. जिओफोन नेक्स्टची घोषणा रिलायन्सच्या जून २०२१ मधील वार्षिक सभेत झाली आणि विक्रीसाठी त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीचा, म्हणजे १० सप्टेंबरचा मुहूर्त सांगितला गेला. जगभर चिपचा तुटवडा होता. मुहूर्ताच्या तोंडावर कंपनीने फोन दिवाळीपर्यंत लांबल्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो बाजारात आला. सॅमसंगच्या पहिल्या घडीच्या फोनचे, गॅलेक्सी फोल्डचे, कारण वेगळे होते. अमेरिकेत २६ एप्रिल २०१९ पासून तो विकला जाणार होता. त्याआधीच परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनचे पडदे बिघडले आणि कंपनीने विक्री पुढे ढकलली. फोन आला सप्टेंबरमध्ये.

भारतात आणखी एक टप्पा आहे. मोबाइलला भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. वाय-फाय, ब्लूटूथसाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता लागते आणि १ जानेवारी २०२३ पासून विक्रीपूर्वी आयएमईआय क्रमांकांची सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. यातला एक कागद अडला तरी तारीख सरकते. गंमत अशी की नव्या मॉडेलची बीआयएस नोंद झाली की तंत्रज्ञानाच्या बातम्या देणारे ती लगेच शोधून काढतात. त्यामुळे फोनची वाट पाहणाऱ्या हौशी ग्राहकाला अनेकदा प्रतिनिधीपेक्षा जास्त माहिती असते.

प्रतिनिधीपर्यंत माहिती का पोहोचत नाही?

कारण तो बहुधा त्या कंपनीचा नोकर नसतोच. मदतकेंद्राचे काम बाहेरच्या कॉल सेंटरला कंत्राटाने दिलेले असते. तिथे एकच संघ कधी कधी दोन-तीन कंपन्यांचे फोन घेतो. त्याच्या समोर असते ती ऑर्डरची स्थिती दाखवणारी खिडकी आणि लिहून दिलेली उत्तरे. कारखान्यात किती फोन तयार झाले, माल कुठे अडकला, ही माहिती कंपनीच्या वेगळ्या यंत्रणेत असते आणि ती कॉल सेंटरला उघडून दिली जात नाही. स्पर्धक आणि गुंतवणूकदार यांच्या धास्तीने नवी तारीख शेवटच्या क्षणापर्यंत गुप्त ठेवली जाते. ज्याच्याकडे सर्वाधिक प्रश्न येणार, त्यालाच ती सर्वात शेवटी कळते.

त्यात मोजमापाची भर. एक कॉल किती मिनिटांत संपला आणि ग्राहकाने किती गुण दिले, यावर प्रतिनिधीचे काम जोखले जाते. ‘तारीख ठरलेली नाही, मला माहीत नाही’ हे प्रामाणिक उत्तर दिले की ग्राहक वाद घालतो, कॉल लांबतो, गुण घसरतात. ‘४८ तासांत कळवले जाईल’ म्हटले की कॉल संपतो. म्हणूनच हे ४८ तास कधीच सरत नाहीत.

कंपनीकडे सांगण्यासारखे काही उरलेच नसेल तर काय होते, हे २०१६ मध्ये ‘फ्रीडम २५१’च्या वेळी दिसले. नोएडाच्या रिंगिंग बेल्स या कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. १८ फेब्रुवारीला नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले. पत्रकारांना दाखवलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाखाली झाकलेले निघाले. ईशान्य मुंबईचे तत्कालीन खासदार किरीट सोमय्या यांनी या योजनेवर उघड संशय घेतला. लोकांच्या चौकशीचा भार कंत्राटी कॉल सेंटरवर पडला. थोड्याच दिवसांत सायफ्यूचर या कॉल सेंटर कंपनीने आपले पैसे थकवल्याचा आरोप केला, तर सेवा समाधानकारक नव्हती असे रिंगिंग बेल्सने सांगितले. भांडण दोन कंपन्यांचे होते. फोन कधी मिळणार हे विचारणाऱ्याला त्यात जागाच नव्हती. पहिल्या दिवशी पैसे भरलेल्या सुमारे ३० हजार जणांची रक्कम परत करण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. संचालक मोहित गोयल यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये अटक झाली, पण ती एका वितरकाच्या तक्रारीवरून.

अमेरिकेत नियम काय आहे?

गॅलेक्सी फोल्डची विक्री लांबल्यावर मे २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेतील ग्राहकांना ई-मेल पाठवला : ३१ मेपर्यंत फोन रवाना झाला नाही आणि तुम्ही थांबायला तयार असल्याचे कळवले नाही, तर ऑर्डर आपोआप रद्द होईल. यामागे कंपनीचा मोठेपणा नव्हता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा १९७५ पासूनचा नियम आहे. टपालाने माल मागवण्याच्या काळात केलेला हा नियम पुढे दूरध्वनी आणि इंटरनेटवरील खरेदीलाही लागू झाला. विक्रेत्याने सांगितलेल्या तारखेला ठोस आधार हवा आणि तारीख दिलीच नसेल तर ३० दिवसांत माल रवाना व्हायला हवा. जमत नसेल तर ग्राहकाला स्वतःहून कळवून ऑर्डर रद्द करण्याचा पर्याय द्यावा लागतो. उशीर ३० दिवसांहून जास्त किंवा अनिश्चित असेल तर ग्राहकाच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘नको’ असा होतो आणि पैसे परत करावे लागतात.

इथे नियमाचे खरे काम दिसते. माहितीसाठी ग्राहकाने खेटे घालायचे नाहीत, ती पोहोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची. अर्थात नियमाने मदतकेंद्र शहाणे होतेच असे नाही. अँड्रॉइडचे जनक अँडी रुबिन यांच्या ‘इसेन्शियल’ कंपनीने मे २०१७ च्या अखेरीस फोन जाहीर करून तो महिनाभरात देऊ असे सांगितले. तो ऑगस्टपर्यंत लांबला. त्यात काही ग्राहकांना ओळखपत्राची प्रत मागणारा ई-मेल गेला आणि त्यांची उत्तरे इतर ग्राहकांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडली. रुबिन यांना जाहीर माफी मागावी लागली.

भारतात ग्राहकाच्या हाती काय?

आपल्याकडे तारीख चुकली की आपोआप पैसे परत, असा सरळ नियम नाही. ही उणीव भरून काढायला हवी आणि ते फार अवघडही नाही. तोवर जे आहे तेही कमी लेखण्यासारखे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. फोन वेळेत येणार नाही हे कंपनीला ठाऊक असताना तिचे मदतकेंद्र ‘दोन दिवसांत’ म्हणत राहिले, तर ‘प्रतिनिधीला कल्पना नव्हती’ ही सबब टिकू नये.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्रेत्याला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. प्रतिनिधीच्या तोंडचे ४८ तास आणि नियमातले ४८ तास यांत फरक हाच की दुसरे मोजता येतात. म्हणून तिसऱ्यांदा कॉल करण्याऐवजी या अधिकाऱ्याला ई-मेल करावा. त्यात ऑर्डर क्रमांक, जाहीर झालेली तारीख, प्रत्येक कॉलचा दिवस आणि मिळालेले उत्तर लिहावे. तीन कॉलना तीन वेगळी उत्तरे मिळाली असतील तर तोच पुढे पुरावा ठरतो. चॅटवरील संभाषणाचे स्क्रीनशॉट जपावेत, कारण चॅटची खिडकी बंद झाल्यावर ते हाती लागेलच असे नाही.

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनी नोएडात असो वा बंगळूरुत, तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. सातारच्या ग्राहकाला साताऱ्यातच दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.