दया नको, सोबत हवी

अपंग मुलाला साहसापासून दूर ठेवणे म्हणजे त्याची काळजी घेणे, असा समज समाजात रूढ आहे. हा समज कितपत योग्य आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर हे प्राचीन गाव आहे. हे रुक्मिणीचे माहेर, असे परंपरा सांगते. आषाढी वारीसाठी येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. अशा स्थळी शाळेची सहल आली, की देवदर्शन आटोपताच मुलांची पावले नदीकडे वळतात. वर्गात कुबडी घेऊन चालणारा एखादा विद्यार्थी असला, तर त्याला घाटाच्या पायरीवर बसवून सर्वांच्या पिशव्या राखण्याचे काम दिले जाते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. "बिचाऱ्याला उगाच त्रास नको," एवढाच हेतू असतो. पण हेतू चांगला असला, तरी रीत चांगली नव्हे. पायातील अधूपणा आजाराने आलेला असतो. पायरीवरचा एकटेपणा मात्र माणसांनी दिलेला असतो.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैनिक होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. पुढे १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापले आणि पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. जमिनीवर त्यांना चाकांच्या खुर्चीचा आधार लागे. पाण्यात त्यांचे बाहू पुरेसे होते.

मध्य प्रदेशातील भिंड जिल्ह्याच्या सत्येंद्रसिंह लोहिया यांचे पाय तान्हेपणीच आजाराने अधू झाले. ते पोहावयास शिकले ते गावच्या नदीत. २०१८ च्या जून महिन्यात त्यांनी बंगालचे रिमो साहा, राजस्थानचे जगदीशचंद्र तेली आणि महाराष्ट्राचे चेतन राऊत या अपंग सोबत्यांसह इंग्लिश खाडी पार केली. तेथील पाणी अतिशय थंड असते. चौघांनी पाळीपाळीने पोहून १२ तास २६ मिनिटांत पैलतीर गाठला. त्यांना कोणी उचलून नेले नाही. शेजारून नाव चालत होती आणि एकाची पाळी संपताच दुसरा पाण्यात उतरण्यास सज्ज होता. दयेत आणि सोबतीत अंतर आहे ते हेच.

प्रत्येक अपंग मुलाने खाडी ओलांडावी, अशी अपेक्षा मुळीच नाही. कोणाला गुडघाभर पाण्यात उभे राहण्यातही आनंद वाटेल. वडीलधाऱ्यांची भीतीही खोटी नाही. वर्धेवर वरच्या बाजूस मोर्शीजवळ मोठे धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले, की खाली नदीचे पाणी वाढते. परंतु हा धोका धडधाकट मुलांनाही तितकाच आहे. म्हणून नियम सर्वांना एकच असावा: पोहणे आधी तलावात जाणत्याच्या देखरेखीखाली शिकावे, नदीच्या पाण्याची चौकशी करावी, अंगात तरंगते जाकीट घालावे आणि एकट्याने पाण्यात उतरू नये. जे साहस सर्वांसाठी धोक्याचे, ते कोणीच करू नये; जे सर्वांसाठी सुरक्षित करता येते, त्यातून एकालाच वगळू नये.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाप्रमाणे शासनमान्य शाळांनी अपंग मुलांना खेळ व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने दिली पाहिजे. मात्र कायदा शाळेचे दार उघडू शकतो. हात पुढे करावयाचा तो वर्गातील सोबत्यांनीच. त्या मुलाला काय जमेल, हे परस्पर ठरविण्याऐवजी आधी त्यालाच विचारावे. आणि पिशव्या राखावयाच्या असतील, तर ते काम सर्वांनी पाळीपाळीने करावे.