पायमोजे घेण्याआधी पाय मोजा

पायाच्या शिरा फुगलेला रुग्ण पूर्वी दवाखान्यात यायचा तो क्रेप बँडेज गुंडाळून. हल्ली येतो तो घट्ट पायमोजे चढवून. कुणाच्या सांगण्यावरून घेतले असे विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. मुलाने मोबाइलवर मागवले. कल्याणला गेलो होतो, तिथल्या मेडिकलमधून आणले. शेजारणीला गुण आला, तिनेच आपला एक जोड दिला. घेण्याआधी पाय मोजला होता का, या प्रश्नावर मात्र रुग्ण माझ्याकडे नुसता बघत राहतो. चपलेसारखा नंबर सांगितला की काम झाले, अशी सार्वत्रिक समजूत आहे.

माझे मत स्पष्टच सांगतो. हे पायमोजे म्हणजे कपडा नव्हे, औषध आहे. रक्तदाबाची गोळी किती मिलिग्रॅमची हे चिठ्ठीवर लिहावेच लागते. तसेच मोज्याचा दाब किती आणि पायाचे माप किती, हे चिठ्ठीवर असलेच पाहिजे. माझे काही व्यवसायबंधू नुसता 'स्टॉकिंग्ज' एवढा एक शब्द लिहून चिठ्ठी हातात देतात. मग दुकानदार गिऱ्हाइकाकडे वरून खाली बघतो आणि 'मीडियम' काढून देतो. ही पद्धत बंद व्हायला हवी.

आमच्या मुरबाड-शहापूर भागात या विकाराचे रुग्ण पुष्कळ. एमआयडीसीतले वॉचमन, बारा-बारा तास यंत्रापुढे उभे राहणारे कामगार, एसटीचे वाहक, शिक्षक, वड्याच्या कढईपुढे उभे असणारे हॉटेलवाले, आणि तीन-चार बाळंतपणे झालेल्या स्त्रिया. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते आणि शिरेतले रक्त वर ढकलले जाते. ते परत खाली उतरू नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळका झाला की मोटार बंद करताच पाइपातले पाणी खाली उतरते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पायाच्या झडपा गळक्या झाल्या की तसेच होते.

एका जागी ताठ उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत सुमारे ८० ते ९० मिलिमीटर पारा एवढा दाब असतो. निरोगी माणूस थोडा चालला की तो ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. झडपा बिघडलेल्या पायात तो पुरेसा उतरत नाही. त्यातून संध्याकाळची सूज, रात्रीचे गोळे, घोट्याच्या वर काळपट डाग, खाज आणि शेवटी घोट्याच्या आतल्या बाजूला महिनोन्‌महिने न भरणारी जखम, अशी ही वाटचाल असते.

पायमोजाची कल्पना कशी निघाली ते समजून घेतले की मापाचे महत्त्व आपोआप कळते. कॉनरॅड जोब्स्ट नावाच्या अमेरिकन अभियंत्याला स्वतःलाच शिरांचा हा विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्याच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब तळाशी सर्वांत जास्त आणि वर येता येता कमी होत जातो. दर फुटाला सुमारे २२ मिलिमीटर पारा हा हिशेब आहे. नदीच्या डोहात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ज्याने हा आराम अनुभवला असेल, त्याला हे चटकन पटेल. याच तत्त्वावर त्याने १९५० च्या सुमारास घोट्याशी जास्त आणि वर गुडघ्याकडे कमी दाब देणारे मोजे बनवले. आता जो मोजा घोट्याशी सैल आणि पोटरीवर घट्ट बसतो तो काय करील? रक्त वर चढवायचे सोडून खालीच अडवून धरील. चुकीच्या मापाचा मोजा निरुपयोगी तर असतोच, शिवाय उलटे काम करतो.

तेव्हा माप घ्यायचे कसे? सकाळी उठल्याबरोबर, सूज चढण्याआधी. शिंप्याकडचा साधा टेप पुरतो. घोट्याच्या हाडाच्या लगेच वर, जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर हे मुख्य माप. त्यानंतर पोटरीचा सर्वांत जाड भागातला घेर, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पाय वेगवेगळे मोजावेत, कारण ते सारखे असतीलच असे नाही. प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो. एकीचा मीडियम तो दुसरीचा लार्ज. म्हणून आधीच्या जोडाचा नंबर सांगून नवा जोड घेऊ नये, पाकिटावरच्या तक्त्याशी आपले आकडे ताडून पाहावेत. पाय फार सुजलेला असेल तर आधी काही दिवस पट्टी बांधून आणि पाय उशीवर ठेवून सूज उतरवावी, मगच मापे घ्यावीत. सुजलेल्या पायाला घेतलेला मोजा आठवड्याभरात ढगळ होतो आणि पैसे वाया जातात. ही जोडी काही स्वस्त नाही, मजुरी करणाऱ्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईचा प्रश्न असतो.

दाबाच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. पाकिटावर क्लास १, क्लास २ असे छापलेले असते. जर्मन पद्धतीत क्लास २ म्हणजे घोट्याशी २३ ते ३२ मिलिमीटर पारा, तर इंग्लंडच्या पद्धतीत क्लास २ म्हणजे १८ ते २४. नाव एक, दाब निराळा. म्हणून क्लास न विचारता आकडा वाचावा. आणि 'जास्त दाब म्हणजे जास्त गुण' हा हिशेब तर मुळीच लावू नये. जो दाब रुग्ण दिवसभर सहन करू शकतो तोच त्याच्या कामाचा. कपाटात घडी घालून ठेवलेल्या क्लास ३ चा उपयोग शून्य. सडपातळ नडगीच्या वृद्ध माणसाने तर जपूनच असावे. पाय जितका बारीक तितका त्याच ताणाचा दाब जास्त पडतो, आणि नडगीच्या हाडावरची पातळ कातडी तो सोसत नाही.

इथपर्यंत गैरसोयीची गोष्ट झाली. आता धोक्याची.

आमच्या भागात डोंगराकडच्या एका पाड्यावरचे साठी ओलांडलेले बाबा. चाळीस वर्षे बिडी. चालताना पोटरी भरून यायची, थांबले की बरे वाटायचे. पुतण्याने 'नसांचा त्रास' म्हणून मोजे आणून दिले. बाबांनी आठवडाभर ते रात्रंदिवस घातले. माझ्याकडे आले तेव्हा अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते. "दुखत होतं तर काढले का नाहीत, बाबा?" असे मी विचारले. म्हणाले, "पोऱ्या बोलला, घट्टच असतात ते."

बाबांना त्रास होता तो शिरांचा नव्हताच. पायाला शुद्ध रक्त पोहोचवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या होत्या. आधीच रक्ताची धार बारीक, त्यात बाहेरून दाब. त्यांना मुंबईला पाठवले. बोट गेले, पाय राहिला.

बिडी-तंबाखूचे प्रमाण आमच्याकडे किती आहे हे वाचक जाणतातच. म्हणून मी आग्रहाने सांगतो की पायाची नाडी तपासल्याशिवाय कोणीही पायमोजे घालू नयेत. पावलाच्या वरच्या भागावर आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे ही नाडी लागते. ती नीट लागली नाही, किंवा चालताना पोटरी धरून थांबावे लागत असेल, तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ०.९ च्या वर ते ठीक समजतात. ०.८ च्या खाली गेले तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय मोजे नाहीत, आणि ०.५ च्या खाली मुळीच नाहीत. मधुमेहाच्या जुन्या रुग्णांत हा आकडाही फसवा निघू शकतो, कारण त्यांच्या धमन्या कडक झालेल्या असतात आणि दाब खोटाच जास्त दिसतो. शिवाय पाय बधिर असल्याने मोजा काचतो आहे हे त्यांना कळतही नाही.

सूज म्हटली की मोजे, हेही चूकच. दोन्ही पायांची सूज आणि आडवे झाल्यावर धाप लागत असेल तर हृदय तपासायला हवे. अशा माणसाच्या पायातले पाणी मोज्याने वर ढकलले तर ते फुप्फुसांना भारी पडू शकते. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला तर शिरेत गुठळी झाली असण्याची शक्यता असते, तेव्हा मोज्यांच्या दुकानात न जाता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पाय लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर आधी जंतुसंसर्गाचा इलाज. हत्तीपायाची तर गोष्टच वेगळी, त्याचे बँडेज बांधण्याचे तंत्र निराळे असते.

इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वेळी जे पांढरे मोजे घालतात ते पुष्कळ जण घरी घेऊन येतात आणि शिरांसाठी वापरत राहतात. ते अंथरुणावर पडून असलेल्या माणसासाठी असतात, त्यांचा दाब कमी असतो. हिंडत्याफिरत्या माणसाच्या फुगलेल्या शिरांना ते पुरत नाहीत. आणि पडून असलेल्यालाही ते सरसकट घालावेत असे नाही. पक्षाघाताच्या अडीच हजारांवर रुग्णांचा एक अभ्यास २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. मांडीपर्यंतचे मोजे घालून गुठळ्या काही कमी झाल्या नाहीत. उलट त्वचेवर फोड आणि जखमा मोजे घातलेल्यांत ५ टक्क्यांना झाल्या, न घातलेल्यांत १ टक्क्याला. घरात अर्धांगाचा रुग्ण असेल तर त्याच्या पायात आपल्या मनाने काही चढवू नका.

ज्याला हे मोजे खरोखर हवेत त्याने ते सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी घालावेत आणि रात्री काढावेत. मोजा टाचेपर्यंत उलटा करावा, पाऊल आत सरकवावे, टाच टाचेच्या जागी बसवावी आणि मग हळूहळू वर घ्यावा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली मिळते आणि बांगड्या-अंगठ्याही अडकत नाहीत. वरची कड गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटे यावी. लांब झाला म्हणून ती कड दुमडणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. दुमडल्यावर तिथे दाब दुप्पट होतो आणि दोरी बांधल्यासारखे होते. बोटे थंड, निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर मोजा तत्काळ काढावा, कुणी काहीही सांगितले असले तरी. तेल लावायचे ते रात्री, मोजे काढल्यावर. तेलाने मोज्याचे रबर लवकर खराब होते. रोज साध्या साबणाने हाताने धुवावेत, पिळू नयेत, सावलीत वाळवावेत. चार ते सहा महिन्यांत ताण संपतो. साध्या मोज्यासारखा सहज चढू लागला की तो बाद समजावा.

लावणीच्या दिवसांत बायका विचारतात, चिखलात घालून जाऊ का? नको. ओला मोजा दिवसभर राहिला की कातडी पांढरी पडून फाटते, आत खडे-माती घासते, आणि भातखाचराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरायला अशी फाटकी कातडी म्हणजे उघडे दार. त्या दिवसांत संध्याकाळी पाय स्वच्छ धुवून, कोरडे करून, अर्धा तास भिंतीला टेकवून वर ठेवणे अधिक चांगले.

खरे म्हणजे मोजे हा निम्मा इलाज. उभे राहण्याचे तास कमी केल्याशिवाय बाकीचा निम्मा होत नाही. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय ठेवावी अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच कलम ४४ ने केली होती. कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या लढ्यानंतर केरळने २०१८ साली दुकानांतल्या नोकरांना बसण्याचा हक्क दिला, तमिळनाडूने २०२१ साली. आपल्याकडे वॉचमनच्या खुर्चीवरून अजून कुरबुर होते. बसला की झोपतो म्हणे. शिरांच्या रुग्णांच्या चिठ्ठीवर मी मोज्याच्या मापांखाली 'दर तासाला पाच मिनिटे बसू द्यावे किंवा चालू द्यावे' असेही लिहून देतो. दोघांना त्यामुळे स्टूल मिळाले. तिसऱ्याला साहेबांनी सांगितले, मोजे घेतलेस ना, मग झाले.