स्वस्त दुकानाची रांग आणि आपले पांढरे कार्ड

स्वस्त दराने वाणसामान मिळावे ही मागणी आपल्या चळवळीला नवी नाही. ८ मे १९७४ रोजी देशभरचे रेल्वे कामगार संपावर गेले तेव्हा बोनस, महागाई भत्ता आणि आठ तासांची पाळी या मागण्या घरातल्या पोराबाळांच्याही तोंडी होत्या. त्याच मागणीपत्रात आणखी एक कलम होते. खात्याने स्वतः चालविलेल्या दुकानांतून कामगारांना पुरेसे धान्य व जीवनावश्यक वस्तू सवलतीच्या दराने मिळाव्यात, असे ते कलम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वेने अशी धान्य दुकाने चालविली होती, त्यामुळे मागणी हवेतली नव्हती. संप चिरडला गेला. पुढे १९७९ साली बोनस मिळाला. धान्याचे कलम मात्र मागे पडले ते पडलेच, आणि आज ते किती शाखा सचिवांना आठवते याची आम्हाला शंका आहे.

हे आठवण्याचे निमित्त दूरचे आहे. बैठकीसाठी त्रिचीला गेलो असता आमच्यापैकी काही जण सवड काढून तंजावरला आणि तेथून तिरुवैयारुला जाऊन आलो. तंजावरच्या उत्तरेस अवघ्या बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी हे गाव आहे. त्यागराजांची समाधी तेथे आहे आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीला देशभरचे गवई तेथे जमतात. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांची गादी होती. सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे बांधलेले वाटसरूंचे अन्नछत्र प्रसिद्ध आहे. त्या काळी गेलेल्या घराण्यांत आजही एक जुन्या वळणाची मराठी बोलली जाते. आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून आलेले निवृत्त टपाल कर्मचारी अशाच घरातले. समाधीचे दर्शन झाल्यावर ते म्हणाले, आज आमच्या रेशन दुकानात माल आला आहे, चला, तेही बघा.

दुकान सहकारी संस्थेचे. फळ्यावर साठा आणि दर लिहिलेले. तांदळापुढे शून्य. १ जून २०११ पासून तामिळनाडूत तांदळाच्या कार्डावर तांदूळ फुकट आहे, आणि घरात माणसे किती यावर त्याचे माप ठरते. कित्येक वर्षे तूरडाळ ३० रुपये किलो आणि पामतेल २५ रुपये लिटर या दराने दिले जात आहे. साखर पूर्वी साडेतेरा रुपये होती, नोव्हेंबर २०१७ मध्ये ती २५ रुपये झाली. त्यावरून तेथे बराच आरडाओरडाही झाला होता.

दर आम्हाला ऐकून ठाऊक होते. आम्ही पाहत राहिलो ती रांग. शेतमजूर बाया होत्या, एक न्हावी होता, शाळेतले एक मास्तर होते आणि आमचे हे निवृत्त टपालवाले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पोत्यातला मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, नाकाशी नेला आणि मान हलवली. विक्रेत्याशी तमिळमध्ये दोन मिनिटे कडाक्याची बोलाचाली झाली. शेवटी त्याने कुरकुरत मागचे दुसरे पोते फोडले. पुढच्या शेतमजूर बाईंनाही त्याच पोत्यातला तांदूळ मिळाला. त्या काहीच बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर दुसरे पोते फुटले असते का, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

तामिळनाडूच्या रेशनची सगळी मेख येथे आहे असे आमचे मत झाले. १९९७ साली केंद्र सरकारने दारिद्र्यरेषेवरचे आणि दारिद्र्यरेषेखालचे अशी कार्डधारकांची फाळणी केली, तेव्हा त्या राज्याने ती आपल्या दुकानांत येऊ दिली नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदाही त्याने १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू केला तो सर्वांना धान्य देण्याची आपली पद्धत कायम ठेवून. केंद्राच्या हिशेबात न बसणाऱ्या कुटुंबांचा भार राज्य स्वतःच्या तिजोरीतून उचलते. ज्याला रेशनचा तांदूळ नको त्याने साखरेचे कार्ड घ्यावे, काहीच नको त्याने नुसते नावाचे कार्ड घ्यावे. निवड माणसाने स्वतः करायची, तहसील कचेरीतल्या उत्पन्नाच्या दाखल्याने नव्हे. आणि दुकानांपैकी बहुतेक सहकारी संस्थांची, तराजूमागचा माणूस पगारी.

तेथे सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. तांदूळ कधी मोडका, कधी वासाचा निघतो. बऱ्या स्थितीतली घरे तो इडलीच्या पिठालाच वापरतात. काही तांदूळ चोरट्या वाटेने शेजारच्या राज्यात जातो. डाळ-साखर हवी तर ही साबणाची वडी, ही चहाची पुडी घ्याच, अशी सक्ती होते ही तक्रार तर जुनीच. दुकानातल्या विक्रेत्यांचा पगार तुटपुंजा असून त्यासाठी त्यांना संप करावे लागले आहेत. शेतकऱ्याचे भात खरेदी केंद्रापुढे पावसात भिजते ते निराळेच. पण या तक्रारी होतात, वर्तमानपत्रांत येतात, निवडणुकीत उमेदवाराला विचारल्या जातात. १९६७ साली अण्णादुराईंनी रुपयाला तीन मापे तांदूळ हे ध्येय आणि एक माप नक्की असे सांगून मते मागितली होती. तेव्हापासून तेथला कोणताही पक्ष तांदळाच्या दुकानाकडे पाठ फिरवू शकलेला नाही.

आता आपल्याकडे पाहू. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना १९९७ पूर्वीची रेशनची रांग आठवत असेल. रेल्वे चाळीतली, पोस्टाच्या वसाहतीतली, गिरणगावातली बाई दोन पिशव्या आणि रॉकेलचा डबा घेऊन एकाच रांगेत उभी राहायची. माल खराब आला तर रेशनिंग इन्स्पेक्टरला घेराव पडायचा. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधी महिला समिती उभी केली आणि लाटणी घेऊन बाया रस्त्यावर आल्या. त्या मोर्च्यांत पगारदारांच्या घरच्या बायका होत्या, कारण रेशन त्यांच्याही ताटात येत होते.

मग १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तिरंगी कार्डे आली. वर्षाला १५ हजारांपर्यंत पिवळे, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरे. एक लाख तेव्हा मोठी रक्कम वाटली. नंतर सहावा वेतन आयोग आला, सातवा आला, पण ती रेघ हलली नाही. सातव्या आयोगाने किमान मूळ वेतन १८ हजार केले, म्हणजे वर्षाचे दोन लाख सोळा हजार. रुळांवर हातोडा मारणारा आपला ट्रॅकमन सरकारी कागदावर श्रीमंत ठरला आणि पांढरे कार्ड हे धान्य घेण्याचे कार्ड न राहता पत्त्याचा पुरावा झाले. अन्नसुरक्षा कायद्यासाठी महाराष्ट्राने शहरात ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार अशी वार्षिक मर्यादा ठरवली. महिन्याला पाच हजारही नाहीत! स्टेशनात झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन खरोखर दिले, तर तो या मर्यादेबाहेर जातो. न दिले, तर पोट भरत नाही. कायदा पाळणाऱ्या कंत्राटदाराकडे काम करणे म्हणजे रेशन गमावणे, हा कोणता न्याय?

आमचे काही सभासद म्हणतील, आम्हाला कशाला हवे रेशन? आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी मॉलमध्ये जातो. खरे आहे. २००२ साली पवईत डी-मार्टचे पहिले दुकान उघडले, आज तशा स्वस्त दुकानांत पगाराच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. नाक्यावरच्या दुकानापेक्षा साखर, तेल दोन पैसे कमी पडतात आणि पावतीवर छापील किमतीपेक्षा किती वाचले तेही लिहून येते. पण छापील किंमत कंपनीच ठरवते, तेव्हा त्यातून वाचलेला पैसा हा हिशेब कंपनीच्या वहीतला आहे. पुडा तोच, दर तोच, आतले ग्रॅम कमी, हे आपल्या घरच्या बायकांनी केव्हाच ओळखले आहे. डाळ महागली तर तेथे घेराव कोणाला घालणार? आणि आडबाजूच्या फाटकावरच्या गेटमनला, खेड्यातल्या ग्रामीण डाकसेवकाला कोणता मॉल जवळ आहे?

मॉलला पर्याय कामगारांनीच उभे केले होते, हेही तरुण सभासदांना माहीत असावे. नायगावात १९४८ साली सुरू झालेल्या सहकारी भांडारातून अपना बाजार वाढला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याचा माल एकत्र मागवत आली आहेत. आपल्या कित्येक वसाहतींतही सोसायटीचे दुकान होते. त्यातली काही का बंद पडली याची चौकशी केली तर उधारी, हिशेबातली ढिलाई आणि सभासदांची उदासीनता ही तीनच कारणे पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

महागाई भत्त्याशीही याचा संबंध आहे. आपला भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. २००१ च्या पायाभूत मालिकेत खाद्यपदार्थांचा भार ४६.२० टक्के होता. २०१६ च्या मालिकेत तो ३९.१७ वर आला. म्हणजे धान्य-भाजी भडकली तर तिचा पूर्वीइतका परिणाम भत्त्यात उतरत नाही. एका बाजूने रेशन गेले, दुसऱ्या बाजूने निर्देशांकातले ताट लहान झाले.

केशरी कार्डाची एक लाखाची आणि अन्नसुरक्षेची ५९ हजारांची मर्यादा रद्द करून, मागेल त्याला धान्याचे कार्ड द्यावे, ही मागणी येत्या विभागीय अधिवेशनात ठरावाच्या रूपाने मांडली जाईल. पगारदाराला फुकट तांदूळ कशाला, असा प्रश्न तेथे येणार. त्याला उत्तर असे की पगारदाराने किंमत मोजावी, वाटल्यास माल घेऊ नये, पण दुकानाचे दार त्याला बंद असू नये. त्या रांगेत लिहिता-वाचता, भांडता येणारा माणूस राहिला तर दुकानदाराचा तराजू सरळ राहतो.

ठरावाला आधार म्हणून शाखांनी पुढील माहिती गोळा करावी. आपल्या स्टेशनात, यार्डात, टपाल कार्यालयात कंत्राटी व रोजंदारीवर किती जण आहेत, त्यांच्यापैकी किती जणांकडे कोणत्या रंगाचे कार्ड आहे, गेल्या तीन महिन्यांत कोणाला किती किलो धान्य मिळाले, आणि अंगठा यंत्रावर उमटला नाही म्हणून किती जण रिकाम्या हाताने परतले. वसाहतीत ग्राहक सोसायटी असेल तर ती चालू आहे की बंद, तेही लिहावे. शक्य असल्यास पावत्यांच्या प्रती जोडाव्यात. दुकानदार पावती देत नसेल तर तशी नोंद करून कार्डधारकाची सही घ्यावी.