वधूच्या हातावरची मेंदी

लग्नसराई आली की आमच्यासारख्या मंडळीच्या स्वयंसेवकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ख्रिस्ती मुलीने मेंदी काढावी का? गेल्या वर्षी एक वधू हातमोजे घालून वेदीपुढे उभी राहिली. अंगठीच्या वेळी मोजा उतरवावा लागला, मेंदी दिसली, आणि मागच्या कुजबुजीने तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून वाटते, यावर उघडच बोलावे.

वडीलधारी मंडळी लेवीय 19:28 दाखवतात. तिथे मृतांसाठी अंगावर वार करून घेणे आणि गोंदणे मना आहे. मेंदी म्हणजे गोंदण नव्हे. तिच्या पाल्याचा रंग कातडीच्या वरच्या थरातच बसतो आणि दोन-तीन आठवड्यांत त्या थराबरोबर निघून जातो. शिवाय लेवीय आपल्याआधीपासून मानणारे, मराठी बोलणारे कोकणातले बेने इस्राएल लोक लग्नाआधी मेंदीचा समारंभ करत आले आहेत. इस्राएलला गेले तरी त्यांनी तो सोडला नाही. गीतरत्न 1:14 मध्ये तर प्रियकरालाच एन-गेदीच्या मळ्यातल्या मेंदीच्या फुलोऱ्याची उपमा दिली आहे. तिथे नक्षीची गोष्ट नाही, सुगंधाची आहे, हे मान्य. पण जे झुडूप पवित्र शास्त्राला गोड वाटले, ते आपण अशुद्ध कसे ठरवावे?

"ही परक्यांची रीत," असेही ऐकू येते. कीर्तनही एके काळी परकेच होते, ना. वा. टिळकांनी ते प्रभूच्या सेवेला लावले.

आमची खरी हरकत वेगळी आहे. झटपट काळा रंग देणारे कोन घेऊ नका. मेंदीचा रंग केशरी-तपकिरी असतो, काळा नसतो. काळ्यात बहुधा केस रंगवण्याचे रसायन, पीपीडी, मिसळलेले असते. त्याने फोड येतात, कधी डागही राहतात. आणि ऐपत नसताना मेंदीच्या नावाने हॉल आणि डीजे? तेही नको.

मेंदीची संध्याकाळ तशी साधीच असते. दोन्ही हात ओले, म्हणून उद्या सासरी जाणारी मुलगी लहान मुलीसारखी बसते. आई घास भरवते, मावशी तोंड पुसते, आजी 'उपासना संगीता'तले गीत गुणगुणते. यंदा वधूसाठीची प्रार्थना आम्ही त्याच संध्याकाळी, तिच्या घरी घेणार आहोत. पाळकांनी होकार दिला आहे. हातमोजे मात्र कोणी आणू नयेत.