साखळ्या घ्याव्यात की हिवाळी टायर?

आपल्या मॉरिशसमध्ये डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. शाळांना सुट्टी असते, आणि ज्यांचे आप्त फ्रान्समध्ये आहेत अशी कितीतरी मराठी कुटुंबे याच दिवसांत तिकडे जातात. पॅरिसला किंवा लिओंला मामा-मावशीकडे चार दिवस झाले की मुले हट्ट धरतात, बर्फ पाहायचा! मग मोटार भाड्याने घेऊन आल्प्सची वाट धरली जाते. बर्फात गाडी चालविण्याची सवय आपल्याला कुठून असणार? आपले सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे, आणि तेथेही पडतो तो पाऊसच.

फ्रान्समध्ये २०२१ सालापासून डोंगराळ भागासाठी वेगळा नियम आहे. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात, ज्या गावांच्या हद्दीत तशी पाटी आहे तेथे, गाडीला चारही हिवाळी टायर हवेत. नाहीतर निदान दोन चालक चाकांना पुरतील अशा साखळ्या किंवा कापडी मोजे गाडीत हवेत. म्हणजे साखळ्यांची पेटी मागे टाकली की कायदा संतुष्ट! हिवाळी टायरांसाठी भाडे बहुधा जास्त पडते, म्हणून तो मोह होतो. माझे स्पष्ट मत असे की कुटुंबाला घेऊन जाणाऱ्याने तो टाळावा.

साधे टायरचे रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊ लागते व त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि चारही चाकांना धरून ठेवते. साखळी दोनच चाकांना बसते. पुढची चाके धरतात, पण उताराच्या वळणावर मागची बाजू घसरू शकते. शिवाय ती घसरण्याआधी, सपाट जागा पाहून, गारठलेल्या बोटांनी चढवावी लागते. रस्ता मोकळा लागला की पुन्हा काढायची. ती असताना ताशी ५० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. आणि सकाळी काळ्या रस्त्यावर न दिसणारा पातळ बर्फ असतो, त्या वेळी पेटीतली साखळी काय कामाची? त्यात आपण डाव्या बाजूने गाडी चालविणारे. तेथे उजवी बाजू सांभाळण्यातच निम्मे लक्ष जाते.

तरी साखळ्या निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. साखळी घातलेल्या चाकाचे चित्र असलेली गोल निळी पाटी दिसली की तेथे साखळीच लागते. हिवाळी टायर चालतात ते खालच्या फलकावर तशी सूट लिहिली असेल तरच. म्हणून उंचावरच्या गावी मुक्काम असेल तर दोन्ही बरोबर असावे. साखळी टायरच्या मापाचीच घ्यावी, आणि खाली असतानाच, कोरड्या जागी, एकदा चढवून पाहावी. काही गाड्यांना ती बसतच नाही, हेही आधी विचारावे.

गाडी ठरवितानाच हिवाळी टायर लेखी मागावेत. ताब्यात घेताना टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह शोधावे. नुसती ‘एम प्लस एस’ ही अक्षरे १ नोव्हेंबर २०२४ पासून पुरत नाहीत. चारही चाके वाकून पाहावीत, मागे लोक खोळंबले असले तरी.