त्रयस्थाचा विमा आणि एका गाडीचा मालक

कॉस्टिंगच्या तासाला आम्हाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला फरक शिकवतात. उदाहरण नेहमी कारखान्याचे असते. मला तो फरक खऱ्या अर्थाने कळला तो गेल्या श्रावणात, मामांच्या ओसरीवर.

मामांची एकच गाडी आहे, दहा चाकी. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. उद्यमबागेतले ओतीव सुटे भाग पुण्याला किंवा बंगळूरला न्यायचे आणि परतीचे भाडे मिळेल ते घ्यायचे. साखरेचा हंगाम सुरू झाला की पोती भरायची. पावसाळ्यात भाडी कमी असतात आणि नेमकी तेव्हाच विम्याची मुदत संपते. विम्याचा कागद इंग्रजीत असल्यामुळे तो माझ्याकडे आला. मी मामांना मराठीत आणि त्यांच्या क्लीनरला कानडीत समजावून सांगू लागलो. क्लीनर बैलहोंगलकडचा. त्याने विचारले, "हा थर्ड पार्टी म्हणजे कोण?" मी म्हणालो, "पहिला गाडीचा मालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा रस्त्यावरून चाललेला माणूस. तुमच्या गाडीने त्याला धक्का लागला, तर त्याची भरपाई कंपनी देते."

मामा म्हणाले, "तू कॉमर्सला हाईस न्हवं? मग एवढं सांग. बावीस वर्सं गाडी चालवतोय, कुणाला साधं खरचटलं न्हाई. आनि गावभर ठोकत फिरणाऱ्याला जेवढं, तेवढंच मला?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

प्रथम आकडे पाहू. त्रयस्थ विम्याचा दर कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 20,000 ते 40,000 किलो एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला वर्षाला 43,950 रुपये लावले होते. 2019 सालच्या पत्रकात हाच आकडा 43,037 होता. म्हणजे या दोन पत्रकांतली वाढ थोडी आहे. मोठ्या उड्या त्याआधीच्या. 2017 च्या मार्चअखेर दक्षिणेकडील राज्यांत मालवाहतूकदारांनी संप केला, त्याच्या मुळाशी ही विम्याची वाढ होती. संपानंतर ती थोडी खाली आणावी लागली. 2018 च्या जुलैतील देशव्यापी संपातही डिझेल आणि टोल यांच्या बरोबरीने विम्याचे गाऱ्हाणे होतेच. या हप्त्यावरचा कर 2019 च्या जानेवारीत 18 टक्क्यांवरून 12 वर आणि 2025 च्या सप्टेंबरात 5 वर आला. हे चांगले झाले, पण मूळ हप्ता तसाच राहिला.

43,950 ला 365 ने भागले की दिवसाला 120 रुपये पडतात. गाडी धावो अथवा पिंपळाखाली उभी राहो, हे 120 रुपये चुकत नाहीत. हाच तो स्थिर खर्च. शिवाय विमा कायद्याच्या 64 व्ही.बी. या कलमाप्रमाणे पैसे आधी आणि जोखीम नंतर. त्यामुळे वर्षाची रक्कम एकदम उभी करावी लागते. पन्नास गाड्यांचा मालक हा खर्च मोठ्या कारखान्याशी केलेल्या करारात बसवू शकतो, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात घासाघीस करून सूटही मिळवतो. एका गाडीच्या मालकाचे भाडे दलाल ठरवतो. "विमा वाढला, भाडे वाढवा," असे मामा म्हणाले, तर दलाल मागच्या गाडीला पुढे बोलावतो.

मग हा विमाच रद्द करावा काय? आमच्या वर्गातल्या एका मित्राचे तसे मत आहे. मला ते मान्य नाही, आणि त्याचे कारण आमच्याच गल्लीत आहे. एका गवंड्याला टेम्पोने उडवले. टेम्पोला विमा नव्हता. न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, पण मालकाजवळ त्या मोडक्या टेम्पोशिवाय काहीच नव्हते. गवंड्याची बायको आज चार घरची भांडी घासते. निकालाचा कागद तिच्या ट्रंकेत जपून ठेवलेला आहे. या विम्याची सक्ती 1939 च्या मोटार वाहन कायद्याने आणली, आणि 1988 च्या कायद्याच्या 146 व्या कलमाने ती कायम ठेवली, ती अशाच माणसांसाठी. ती सक्ती राहिलीच पाहिजे.

दरही कुणी हवेतून काढलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या खटल्यांत भरपाईचे गणित घालून दिले आहे. समजा, महिना 15,000 रुपये कमावणारा, स्वतःचा धंदा करणारा 30 वर्षांचा माणूस अपघातात गेला आणि त्याच्यावर चौघे अवलंबून आहेत. वर्षाचे उत्पन्न 1,80,000. पुढील वाढीचे 40 टक्के मिळवून 2,52,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता 1,89,000. त्या वयाचा गुणक 17. भरपाई 32,13,000 रुपये, आणि इतर किरकोळ रकमा वेगळ्या. म्हणजे अशा एका मृत्यूच्या भरपाईला मामांच्या गाडीसारख्या 73 गाड्यांचा वर्षाचा हप्ता लागतो. मयताच्या घरी ही रक्कम जास्त आहे असे कोण म्हणेल?

तेव्हा पैसा गोळा झालाच पाहिजे. प्रश्न आहे तो कुणाकडून किती, हा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात दावा न करणाऱ्याला 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. त्रयस्थ विम्यात अशी सूट नाही. तिथे गाडीचे वजन पाहतात, चालवणाऱ्याची वागणूक पाहत नाहीत. आपल्या पत्र्याला जपले तर बक्षीस मिळते, दुसऱ्याच्या जिवाला जपले तर काही नाही! मामांच्या प्रश्नात जी खंत होती ती हीच.

दुसरा अन्याय याहून मोठा आहे. 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे विनाविमा गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला 2,000 आणि पुढच्या गुन्ह्याला 4,000 रुपये दंड आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. पण धंद्यातला माणूस हिशेब करतो तो 2,000 आणि 43,950 यांचा. जो भरतो तो मूर्ख ठरतो, आणि जो भरत नाही त्याच्या गाडीखाली सापडलेल्याच्या घरी निकालाचा नुसता कागद येतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. त्रयस्थ विम्यातही चांगल्या वागणुकीला सूट द्यावी, आणि ज्याच्या गाडीने माणसे जखमी होतात त्याच्यावर जादा आकारणी करून ती तूट भरून काढावी. यावर आक्षेप असा की, अपघाताचे दावे वर्षानुवर्षे चालतात, तर पाटी कोरी आहे हे कसे समजायचे? त्याला उत्तर आहे. कालपरवाचे वर्ष पाहू नये. पाच वर्षांपूर्वीपर्यंतची पाटी पाहून आजची सूट द्यावी. तोवर दावे उजेडात आलेले असतात. आता गाडीची नोंदणी, विमा आणि चलने संगणकावर आहेत, त्यामुळे हे काम अशक्य नाही. आणि विनाविम्याचा दंड हप्त्याहून कमी असू नये.

राहिला एकरकमी पैशाचा प्रश्न. आपल्या भागात पतसंस्थांना तोटा नाही. सोन्यावर आणि शेतावर कर्ज देणाऱ्या या संस्थांनी गाडीच्या विम्यासाठी रास्त व्याजाने दहा महिन्यांचे कर्ज द्यावे आणि हंगामात वसूल करावे. हे करायला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. संचालक मंडळाचा एक ठराव पुरे.

मामांनी अखेर विमा भरला. त्यासाठी भिशी तोट्यात उचलली. मी विचारले, "मामा, एवढ्यानं गाडी तशीच का काढली नाहीत?" ते म्हणाले, "रस्त्यावर तुझी आजीबी चालतीया की."

अशा माणसाला ठोकत फिरणाऱ्याच्याच रांगेत उभे करणारे दरपत्रक बदलायला हवे. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, एवढीच विनंती.