तुरुंगाच्या दारातली पहिली नोंद



बाई तुरुंगात येते तेव्हा दारातच तिचं नाव आणि कलम लिहून घेतात, झडती होते, दागिने-पैसे जमा होतात. यासोबतच तिची वैद्यकीय तपासणीही व्हायला हवी. आज बोलायचं आहे ते या तपासणीबद्दल.

ही मागणी काही नवी नाही. येणाऱ्या प्रत्येक कैद्याची प्रकृती, अंगावरच्या जखमा आणि खुणा लिहून ठेवाव्यात, असं इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यातच म्हटलं होतं. स्त्री-कैद्यांची तपासणी मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हुकुमानुसार मेट्रनने करायची होती. बाईला परपुरुषाचा हात लागू नये एवढी काळजी कायद्याने घेतली. तिला बाई-डॉक्टर मिळावी, हे काही त्याला सुचलं नाही!

कोठडीत मारहाण झाली असेल, तर तिचा लेखी पुरावा या नोंदीतच राहतो. १९८३ साली शीला बर्से यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की छळाची तक्रार आहे का, हे दंडाधिकाऱ्याने अटक झालेल्या व्यक्तीला विचारावं आणि वैद्यकीय तपासणीचा तिचा हक्क तिला सांगावा. पण न्यायालयात पोलीस शेजारी उभे असताना किती जणी तोंड उघडतील? तिथे न बोललेलं बोलायची पुढची जागा म्हणजे तुरुंगातला डॉक्टर. तिथेही घाईघाईने 'प्रकृती ठीक' असं लिहिलं गेलं, तर वळ पुसले जातात आणि खटलाही.

उपचारांची सुरुवातही इथूनच होते. क्षयाच्या, फिटच्या गोळ्या चालू होत्या का? दिवस गेले आहेत का? गरोदर बाईला तुरुंगात पाठवण्याआधी तिथे बाळंतपणाची किमान सोय आहे याची खात्री करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बजावलं. दारात कुणी विचारलंच नाही, तर हा आदेश लागू होणार कसा? आणि रोग कळला तरी मोठ्या रुग्णालयात न्यायला पोलीस गार्ड लागतो. गार्ड नाही, म्हणून तारीख चुकते.

आपल्या देशातले बहुसंख्य कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. पण गुन्हा शाबीत झाला तरी शिक्षा कैदेची असते, आजारपणाची नव्हे.

म्हणून आपल्या गटांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि तुरुंग अधीक्षकांकडे लेखी विचारणा करावी: तपासणी कोण करतं? आडोसा असतो का? नोंदीची प्रत बाईला मिळते का? गार्डअभावी किती तारखा चुकल्या? उत्तरं आम्हांला कळवा. पुढच्या अंकात ती एकत्र मांडू.